कानबाई बोलली नाही

लग्नानंतर आम्ही दोघं महाबळेश्वरहून धुळ्याला परतलो, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आम्हाला रीतीप्रमाणे चिडवून घेतलं. मोठ्या जाऊबाईंनी मात्र माझा हात धरला, स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "तठे भेंडी कितलानी व्हती?" मला वाटलं, ही इकडची थट्टेची काहीतरी तऱ्हा असणार. मी लाजून हसले. तर बाईंचा चेहराच उतरला. "म्हंजे तू बजारमा गईच नही? मंग तठे करं काय आठ दिन?" नव्या नवरीनं यावर काय उत्तर द्यावं!

त्या म्हणजे अक्का. शकुंतला हे नाव फक्त रेशनकार्डावर होतं, बाकी अख्ख्या गल्लीच्या त्या अक्काच. देवपुरातल्या आमच्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसायच्या आणि कोणी बॅग घेऊन गल्लीत शिरलं, की हटकलंच म्हणून समजा. "कोठे जाई उनात?" तिथून पुढं उलटतपासणी. न्हाणीत उजेड होता का, चहात आलं टाकतात का, बाया डोक्यावर पदर घेतात का. समोरचे कुलकर्णी काश्मीरहून आले आणि बर्फाचं वर्णन करू लागले, तर त्यांना मध्येच तोडून म्हणाल्या, "बरफ ऱ्हाऊ द्या, तो टीव्हीवर दखास." शेवटचा प्रश्न कायम ठरलेला असे, "तठला लोके सांजले ओटावर बठतस का?" उत्तर हो आलं की ते गाव त्यांना पटायचं. सिमला पटलं नव्हतं, उज्जैन पटलं होतं.

स्वतः अक्का कुठं गेल्या होत्या? माहेरी, सप्तशृंगी गडावर आणि एकदा नाशिकला दवाखान्यात. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तो अक्का ऐन चाळिशीत असताना, आणि सासूबाई पुन्हा खाटेवरून उठल्या नाहीत. मी जळगावच्या मेहरूणची, शिकलेली, शाळेत नोकरीला, त्यामुळे मला दहा ते पाच सुटका होती. अक्कांना नव्हती. त्यांचे यजमान, आमचे भाऊ, एसटीत ड्रायव्हर. सोलापूर, नागपूर, सुरत, इंदूर, सगळं त्यांच्या चाकाखालून गेलेलं. पण अक्कांनी काही विचारलं की भाऊंची दोनच उत्तरं असत. "रस्ता चांगला व्हता" किंवा "रस्ता खराब व्हता." घरातला सगळ्यात फिरलेला माणूस सगळ्यात न फिरलेल्या बाईच्या पदरात पडावा आणि त्यानं तोंड उघडू नये, याचा मला फार राग यायचा. अक्कांना येत नसे. "पाय घरमा ऱ्हायनात तरी चाली," त्या म्हणायच्या, "कान गावभर फिराले जोयजेत."

सासूबाई गेल्या, आणि वर्ष फिरल्यावर अक्कांचा मुलगा नितीन दुबईहून म्हणाला की आता सगळे या. भाऊ, अक्का, आम्ही दोघं. पासपोर्टसाठी फोटो काढायला गेलो तेव्हा फोटोवाला म्हणाला, हसू नका. अक्का भडकल्या, "जावानं शे नि हासानं नही?" तिकडं ऊन फार असतं असं कोणीतरी भीत भीत सांगितलं, तर धुळं-जळगावच्या माणसांना उन्हाची भीती घालतो म्हणून त्याचंच हसं झालं. बॅगा काढल्या, कळण्याचं पीठ आणि शेवभाजीचा मसाला बांधला, आणि लॉकडाऊन लागला.

ओटा ओस पडला. अक्का खिडकीच्या गजांमागे बसून राहायच्या. कोणी कुठून येतच नव्हतं तर विचारणार कोणाला? मी तोंड बांधून दूध आणायला जायची तेवढंच. परत आले की पिशवी धुवायच्या आधी हुकूम, "कोपरालोंग गई ना? मंग सांग." मीही सांगायची. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं दोरी बांधली आहे, पोलीस झाडाखाली झोपला आहे. त्या मन लावून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "हौस मोठी नि दार ल्हानं, बाई."

दुसऱ्या लाटेत भाऊंना ऑक्सिजन लावावा लागला. वाचले, पण ओट्याच्या पायऱ्या चढतानाही धाप लागू लागली. आणि लाट ओसरते न ओसरते तोच नितीनचा फोन. विमानं सुरू होताहेत, लशीचे दोन्ही डोस झालेत, दिवाळीनंतर या.

मग घरात जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणणं जिवावर येतं. आमचे हे रोज पेपर मोठ्यानं वाचायचे. तिकडं तपासणीत कोणी सापडलं तर हॉटेलच्या खोलीत कोंडून घालतात, इकडं परत येऊ देतील याचा नेम नाही. नितीन चिडायचा, "काका, तुम्ही तो टीव्ही बंद करा आधी." मी जाऊ या म्हणायची आणि भाऊंची धाप ऐकू आली की गप्प बसायची. भाऊ म्हणायचे, "तुम्ही ठरावा." असं गोल गोल फिरून एका दुपारी सगळ्यांनी जाहीर केलं, की अक्का म्हणतील तसं करायचं.

जिला उभ्या जन्मात कोणी काही विचारलं नाही, तिला एकदम एवढा मोठा मान! मला तर आनंदच झाला. अक्का भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "हाऊ मान नही माय, पिंजरा शे. हो म्हनं नि त्यासले काही व्हयनं, तं जलमभर मीच दोषी. नही म्हनं, तं मन्हाच हाते मन्हं दार लाई लिधं." त्यांनी उत्तर दिलंच नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत श्रावण आला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सजवलेला नारळ हीच देवी. भाऊबंद जमतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढून त्याचे रोट करतात, आणि सोमवारी सकाळी देवीला वाजतगाजत नदीवर पोचवतात. ती निघताना एखाद्या बाईच्या अंगात येते. आमच्या घरात ती अक्कांच्या अंगात यायची. एरवी अक्कांकडे मान वर करून न पाहणारे भाऊ त्या घटकेला हात जोडून त्यांच्यापुढं उभे राहायचे, आणि वारं आलेल्या अक्का जे बोलतील ते घर ऐकायचं.

तेव्हा आमच्या ह्यांनाच ते सुचलं. "कानबाईलाच विचारू या ना." सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. देवी ज्या तोंडानं बोलणार ते तोंड कोणाचं, हा विचार एकाच्याही मनात आला नाही.

त्या वर्षी मिरवणुकीला बंदी होती. अंगणातच एका टबात पांझरा नदीचं पाणी आणून ठेवलं. डफ नाही, गर्दी नाही, थाळी वाजवून आरती. व्हिडिओ कॉलवर नितीन होता, फोन माझ्या हातात. अक्का केस मोकळे सोडून, मळवट भरून उभ्या. आरतीच्या शेवटी त्यांचे खांदे हलू लागले. भाऊ धापा टाकत पुढं झाले. "माय, दुबईले जावानं का नही?"

अक्कांचे डोळे मिटलेले. खांद्यांना एक मोठा हिसका बसला आणि त्यांनी दोन्ही हातांनी तुळशीवृंदावनाचा कठडा धरला. जबडा आवळलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. आता बोलतील, आता बोलतील म्हणून आम्ही सगळे श्वास धरून. आणि त्यांनी डोळे उघडले. रोजच्या आवाजात म्हणाल्या, "परसाद वाटा."

देवी बोलली नाही, म्हणजे देवीची परवानगी नाही. निकाल लागला. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन नितीनला सांगूनही टाकलं. सगळ्यांचे चेहरे सुटकेनं हलके झालेले पाहून माझं डोकं फिरलं.

नंतर मी एकटीच त्यांच्या केसांना तेल लावत होते. विचारलं, "अक्का, वारं आलं नाही का?"

"येवाले लागनं व्हतं," त्या म्हणाल्या. "पन मन्हा मनमा जावानं इतलं व्हतं, का बोलनारी देवी शे का मीच शे, ते माले समजे ना. देवीना तोंडतीन आपली हौस कशी सांगू? दात दाबीसन उभी ऱ्हायनू." मग वळून माझा हात घट्ट धरला. "कोनले सांगू नको. देवीले कोनी दोष देत नही. तसंच ऱ्हाऊ दे."

हिवाळ्यात तिसरी लाट आली. विमानं पुन्हा अडकली. घरात जो तो म्हणे, "पाहा, देवीला आधीच कळलं होतं." अक्का मान डोलवायच्या. माझ्याकडे मात्र बघायच्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्याच त्या गेल्या. गल्लीत तेव्हा पुन्हा बॅगा येऊ-जाऊ लागल्या होत्या.

नितीननं मग हट्टानं आम्हाला दोघांना नेलं. भाऊ आले नाहीत. मी दुबईत काय पाहिलं? उंच इमारतीखाली उभं राहून ह्यांनी माझे फोटो काढले, त्या सगळ्यात माझं लक्ष भलतीकडं आहे. मी भाजीबाजार शोधला. न्हाणीतले दिवे पाहिले. चहावाल्याला आल्याचं विचारलं. संध्याकाळ झाली की रस्त्यानं फिरून घरांची दारं पाहायची. परत आलो, रिक्षातून उतरलो, आणि माझा जीव असा कासावीस झाला! एवढं सगळं पाहून आणलेलं, आता ठेवू कुठं?

ओट्यावर भाऊ बसले होते. एरवी ते कधी तिथं बसत नसत. मी नमस्कार करून आत जाऊ लागले, तर खाकरले.

"तठे भेंडी कितलानी व्हती?"

मी पायरीवरच बसले. सांगितलं. चहाचं सांगितलं, बायांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सांजले लोके ओटावर बठतस का?"

"नाही भाऊ. ओटेच नाहीत तिथं."

"मंग तिले ते गाव पटनं नसतं," भाऊ म्हणाले. माझी बॅग पायाशी ओढून घेतली. मग म्हणाले, "त्या दिन देवी थांबनी नव्हती. तिनी बिरेक लाया व्हता. जलमभर गाडी चालाडी मी. बिरेक लागना ते माले समजस."

"मग भाऊ, तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"माले मरानं भेव वाटनं, बाई."

धाप लागली म्हणून थांबले. मी उठू लागले तर हातानं खुणावून बसवलं.

"अजून सांग," भाऊ म्हणाले. "न्हानीमा उजेड व्हता का?"

"होता भाऊ," मी म्हटलं. "खूप उजेड होता."