बाहेरचं कुलूप

भुताखेतांच्या सिनेमांना मी घाबरत नाही. पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मला हसूच येतं. पण त्या रविवारी सकाळी दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये माझे हातपाय गार पडले, आणि शेजारी माझी आई मजेत खारे शेंगदाणे खात होती.

सिनेमा माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा. सुट्ट्या काढून, हौसेने केलेला. गोष्ट एवढीच, की एक मुलगी खोलीत कोंडलेली आहे. तिला कोंडणारी बाई कधीच दिसत नाही, दाराबाहेरून फक्त तिचा आवाज येतो. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. त्या आवाजासाठी मैत्रिणीला माझी आई हवी होती. चाळीच्या गणपतीत नाटकं केलेली बाई, ती एका पायावर तयार झाली. "लिहून काही देणार नाही मावशी, मनानेच बोला," एवढंच मैत्रीण तिला म्हणाली. एका दुपारी, मी ऑफिसात असताना, आमच्या घरीच रेकॉर्डिंग झालं. त्यासाठी मैत्रिणीला सकाळी माझ्याकडून चावी घ्यावी लागली, कारण मी बाहेरून कुलूप लावून जायचे.

उगाच नाही लावत. चाळ पाडली आणि आम्ही दोघी लोअर परळला सतराव्या मजल्यावर आलो. एक दिवस आई भाजी आणायला म्हणून उतरली आणि आमची जुनी चाळ शोधत फिरत राहिली. चार तासांनी एका बंद गॅरेजच्या पायरीवर सापडली. ते चार तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवसापासून कुलूप. शिकवायला आलेल्या नातेवाइकांना मी सरळ विचारलं, तुम्ही येऊन बसता का तिच्यापाशी?

हॉलमध्ये अंधार झाला आणि आईचा आवाज आला. "बेल वाजली तरी ओ द्यायची नाही. गॅसला हात लावायचा नाही. बाहेर तुला आता ओळखतंय कोण? मी आहे ना. तुझ्याच भल्याचं सांगते. शहाण्यासारखं बसायचं."

पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. एकूण एक वाक्य माझं होतं. रोज सकाळी चपला घालता घालता मी हेच बोलते, इतक्याच गोड आवाजात.

नंतर लोक आईभोवती जमले. "आजी, अंगावर काटा आला! कुठून सुचलं हो हे?"

"त्यात काटा येण्यासारखं काय?" आईला खरंच कळेना. "प्रेमानेच तर बोलले." आणि तिने माझ्याकडे बघितलं, बरोबर ना म्हणून. मैत्रीण माझी नजर टाळत होती.

सोमवारी मी कुलूप न लावता निघाले. तोंडाने काही सांगायचा मात्र धीर झाला नाही, गुपचूप दार ओढून घेतलं. अकरा वाजता फोन केला, आईने उचलला नाही. पुन्हा केला. पाचव्यांदा केला, तरी नाहीच. हाफ डे टाकून टॅक्सी पकडली, वाटेत प्रत्येक फूटपाथवर तिला शोधत आले.

दार सताड उघडं होतं, चाळीत असायचं तसं. उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून आई बसलेली. इस्त्रीची साडी, विंचरलेले केस, पायात चपला, मांडीवर भाजीची पिशवी.

"फोन का नाही उचललास?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तो आत आहे. उठले असते तर दारावर लक्ष कोणी ठेवलं असतं?"

"मग इतकी तयार होऊन खाली का नाही गेलीस?"

"सकाळपासून तयार आहे," आई म्हणाली. "तू जा म्हणालीच नाहीस."

ती हरवली होती त्या चार तासांतसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.