दवातलं गवत

शाळा माझी चौथीतच सुटली, पण बकरी राखणं मला कोणी शिकवू नये.

इंद्रपुरीत आमच्या घरामागे तीन बकऱ्या आहेत. कारखान्यातली सारी नोकरी मी पहिल्या पाळीत काढली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही उजाडायच्या आत बकऱ्या घेऊन नाल्याकाठच्या मैदानात हजर. गवतावर दव असायचं. ते कोवळं ओलं गवत मी त्यांना पोटभर चारायचो आणि उशिरा उठणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवायचो.

यंदा पावसाळा सरला आणि तांबडी बकरी वाळायला लागली. दूध देणारी तीच एक, आणि बायकोचा तिच्यावर फार जीव. मी अंदाजाने जंताचं औषध पाजलं. थोडे दिवस बरी राहिली, पुन्हा मान टाकली. जबड्याखाली सूज आली तेव्हा बायको म्हणाली, तुमचा औषधाचा अंदाज तुम्ही भाजीत टाकता त्या मिठासारखाच दिसतो.

शेवटी तिनेच जनावरांची डॉक्टरीण बोलावली. आमच्या नातीच्या वयाची, हिंदी बोलणारी पोर. तिने बकरीची खालची पापणी ओढून दाखवली. आतून पांढरीफटक. पोटातले जंत रक्त पितात, म्हणाली. मग बकरी तोलली. माझ्या अंदाजापेक्षा बरीच भारी भरली, म्हणजे औषध कमी पडत होतं. काटा खोटा असेल असं मला वाटलं. वजनाप्रमाणे औषध पाजून ती म्हणाली, जंताच्या बारीक अळ्या दवात गवताच्या पात्यावर चढतात, तेव्हा ऊन पडून गवत सुकल्याशिवाय बकऱ्या सोडू नका.

म्हणजे दहा वाजता. पहिल्या पाळीचा माणूस दहाला बकऱ्या घेऊन निघाला तर लोक काय म्हणतील, असं मी तिला विचारलं.

"लोगों का तो पता नहीं, दादाजी," ती म्हणाली. "पर फिर ऐसा हुआ तो ये बकरी नहीं बचेगी."

बायको काहीच बोलली नाही. तांबडीच्या तोंडापुढे सुबाभळीचा पाला धरून बसून राहिली. तिचं बोलणं मी आयुष्यभर सोसलं, पण हे गप्प बसणं काही सोसेना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठलो, काठी घेतली आणि ओट्यावर बसून राहिलो. शेजाऱ्याने विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हटलं, बकऱ्यांना जनरल शिफ्ट लागली.

तांबडीची सूज उतरली. पापणी गुलाबी झाली, आता शिंगंही मारते. फसलो तो मी. सकाळभर घरात बसलेला माणूस बायकोच्या नजरेतून सुटत नाही. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यापुढे मेथीची जुडी ठेवली.

"अहो, रिकामे दिसलात म्हणून."

तेव्हापासून मेथी मीच निवडतो. तिच्यापेक्षा स्वच्छ निवडतो, पण ते ती कबूल करणार नाही. फार हट्टी बाई आहे.