आतोबांचं बोट

हवेचा इतका मनापासून द्वेष करणारा दुसरा माणूस अख्ख्या बडोद्यात सापडणार नाही. घाणेरड्या हवेचा नव्हे; ते खातं माझ्याकडे आहे, त्यावर मी पत्रकं काढते. आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांचा राग स्वच्छ, निरुपद्रवी, फुकट मिळणाऱ्या हवेवर आहे, आणि तोही ती नळीत शिरली तर. गोटी सोड्याची बाटली फुटली की लोक घसा पुढे करतात, आतोबा दोन पावलं मागे सरतात. ग्लासातून वर येणारे बुडबुडे ते अशा नजरेने बघतात, की सोडावाल्याला उगाचच अपराधी वाटावं. "बघ, कसे निघालेत," एवढंच म्हणतात. आमच्या चुलतभावाला टायफॉइड झाला आणि त्याला सलाइन लावलं, तेव्हा आतोबा भेटायला आले. त्याच्या नळीवर नखाने टिचक्या मारत उभे राहिले, मग शेजारच्या खाटेवरच्या नळीवर, मग पलीकडच्या. अर्ध्या तासात वॉर्डातल्या सगळ्या नळ्या वाजवून झाल्या. एका म्हातारीने तर त्यांना नमस्कार करून घरी कधी सोडणार ते विचारलं, "दाक्तरसाहेब, घरे क्यारे जवाशे?" आतोबांनी तिच्या नळीकडे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, की नळीत काही नाही, बाकीचं डॉक्टरांना विचारा.

या द्वेषामागे त्यांचा धंदा होता. हृदयाचं ऑपरेशन करताना हृदय थांबवतात. तेवढा वेळ माणसाचं रक्त नळ्यांतून बाहेर येतं, यंत्रात प्राणवायू घेतं आणि पुन्हा शरीरात जातं. त्या यंत्रापाशी जो बसतो त्याला परफ्युजनिस्ट म्हणतात. बसतो म्हणजे, तितके तास तोच पेशंटचं हृदय आणि तोच फुप्फुसं. त्या रक्तासोबत हवेचा एक बुडबुडा आत गेला तर सर्जनने केलेलं सगळं शिवणकाम वाया. हे सगळं लग्नकार्यात कोण समजावून सांगणार? "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की आतोबा म्हणत, "पंपावर असतो." समोरचा विचारी, "कुठला? अलकापुरीचा?" आत्या चडफडत असे. तिने बरीच वर्षं त्यांना "हार्टचे आहेत" असं म्हणून चालवून घेतलं होतं.

आणि ते पंपावर आले कसे, तर पंप दुरुस्त करायला. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला मुलगा, आयटीआय केलेला, इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायच्या नोकरीला लागला. नवं हार्ट-लंग मशीन अडलं म्हणून सर्जनने बोलावलं. यांनी ते चालू करून दिलं. सर्जन म्हणाले, "आता इथेच बसा, पुन्हा अडलं तर?" ते बावीस वर्षं तिथेच बसले. शिकवलं कुणी नाही. कोर्स नाही, पुस्तक नाही, पगार दुरुस्तीवाल्याचा आणि काम हृदयाचं. या शोषणावर मी एक पत्रक लिहिणार होते. आतोबा म्हणाले, "लिही, पण मी अर्ज केला नव्हता हेही लिही."

आतोबांचं दुसरं वेड म्हणजे त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट. पंप सुरू करण्याआधी ते प्रत्येक नळी, प्रत्येक चिमटा, प्रत्येक चावी यांना बोट लावत आणि मोठ्याने म्हणत: ही उघडी, ही बंद, हा घट्ट, हा चालू. नुसतं बघून नाही चालायचं. "डोळा लबाड असतो," ते म्हणत, "त्याला जे दिसायला हवं असतं तेच तो बघतो. बोटाला तेवढी अक्कल नसते." तिथवर ठीक होतं. पण हे बोट त्यांच्याबरोबर घरी येई. स्कूटर सुरू करण्याआधी पेट्रोलच्या कॉकला बोट: उघडा. गियरला बोट: न्यूट्रल. स्टँडला बोट: वर. मागे बसलेल्या आत्याच्या गुडघ्याला बोट: बसली. या स्कूटरपायी घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या तीन लग्नांत त्यांना अक्षता मिळाल्या नाहीत, थेट पंगत मिळाली. बाहेर पडताना गॅसच्या बटणाला बोट लावून "बंद" म्हणायचे, जिन्यात आल्यावर आत्या विचारायची, "गॅस बंद केला ना हो?" आणि ते शांतपणे म्हणायचे, "म्हणालो की." आत्याच्या मते या माणसाशी भांडायची सोयच नव्हती.

माझी ताई बी.एस्सी. झाली आणि तिने आतोबांच्या हाताखाली शिकायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला वाटलं ती उद्यापासून पंपावर बसणार. आतोबांनी तिला तीन महिने यंत्राला हात लावू दिला नाही. थिएटरमध्ये स्टुलावर बसून नुसतं बघायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन धडे. त्यांनी दोन मीटर पारदर्शक नळीचं एक भेंडोळं केलं होतं. त्यात ताईने लाल पाणी भरायचं आणि टिचक्या मारून शेवटचा बुडबुडा बाहेर काढायचा. लाल पाणी म्हणजे कोकमाचं आगळ. कोकणातून आलेली अख्खी बाटली सोलकढीऐवजी नळीत गेली, तेव्हा आत्या म्हणाली, "पेशंट वाचतील, पण या घरातली माणसं मी उपाशी ठेवीन." बुडबुडे संपले असं ताईला वाटलं की आतोबा भिंग आणत. भिंगात नेहमी एक तरी असे. "हा बघ, बसलाय लपून. याला ठाऊक आहे तू कंटाळणार."

आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमचा संचा. बडोद्यात गच्चीवर संचा फिरवणं हा घरगुती उत्सव असतो: लाकडी बादली, मधे दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि मीठ, आणि हँडल फिरवायला हौशी नातेवाईक. आतोबांच्या गच्चीवर हा उत्सव नव्हता, परीक्षा होती. ऑपरेशनच्या मधे वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला, तर पंप हाताने फिरवावा लागतो, एका लयीत, आणि एकाच दिशेने. उलटा फिरवला तर रक्त उलटं ओढलं जाईल. म्हणून संच्यावर त्यांनी आत्याच्या नेलपॉलिशने लाल बाण काढला होता. ताई हँडल धरी, आतोबा घड्याळ धरून विचारत, "दिशा?" ताई बाणाला बोट लावून म्हणे, "बाणाकडे." मग सुरू. दूध घट्ट होत जाई, हात भरून येई, पण लय सोडायची नाही. मी एकदा मधेच हँडल घेतलं आणि मजेत उलटं फिरवलं. आतोबा रागावले नाहीत. मला वाटीभर आंब्याचं आइस्क्रीम देत म्हणाले, "खा. तुझा पेशंट गेला."

दोन वर्षांनी ताई बाहेरगावी जाऊन रीतसर कोर्स करून आली, आणि तोवर इकडे इस्पितळ बदललं. सगळा देशच तेव्हा बदलत होता. दर्शनी भिंत काचेची झाली, रिसेप्शनवर कारंजं आलं (त्यातल्या बुडबुड्यांना वळसा घालून आतोबा मागच्या दाराने येऊ लागले), आणि नियम आला, की पंपावर यापुढे सर्टिफिकेटवालाच बसेल. कोर्सला विज्ञानाची पदवी लागते. आतोबांकडे आयटीआय. म्हणजे ज्यांनी ताईला शिकवलं ते अपात्र आणि त्यांची विद्यार्थिनी पात्र. ताईने सरळ सांगितलं, "मी त्या खुर्चीवर बसणार नाही." आतोबा म्हणाले, "मग कोण बसणार? खुर्ची?"

मी मकरपुऱ्यातल्या कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहून हात बसवलेला होता. मी रागावले की मथळाच आधी सुचतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, पाचशे प्रती. कागद मोठा की हात, असा सवाल होता, कारंज्याच्या खर्चाचा उल्लेख होता, आणि अगदी मधोमध, जाड टाइपात: "बावीस वर्षांत एकही चूक नाही." आतोबांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी तपासलं असतं. इस्पितळाच्या फाटकावर मी स्वतः वाटलं. ज्यांच्या छातीवर आतोबांच्या काळातले टाके होते असे लोक थांबून वाचत होते, दोघांनी तर जास्तीच्या प्रती नेल्या. आठवड्याभरात ट्रस्टींचं बोलावणं आलं, आतोबांना आणि मला.

माझं एकही पत्रक तोवर यशस्वी झालं नव्हतं, त्यामुळे यश कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. ते असं दिसतं: थंडगार खोली, सरबत, आणि समोर मुख्य ट्रस्टी शेठ, हातात माझंच पत्रक घेऊन. "बेन, तमारी पत्रिका वांची," शेठ म्हणाले. "बावीस वरसमां एक पण भूल नहीं. आवा माणसने केम कढाय?" अशा माणसाला काढायचं कसं, म्हणून ट्रस्टने एक अपवाद करायचं ठरवलं होतं. आतोबा निवृत्त होईपर्यंत पंपावरच राहतील. कागद तयार होता, सही तेवढी राहिली होती. मी सरबत उचललं.

आतोबांनी हात पुढे करून पत्रक मागितलं. चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "खरं," ते म्हणाले. बोट खाली आलं. "हेही खरं." कारंज्याच्या ओळीवर थांबून "असेल" म्हणाले. मग बोट जाड टाइपावर आलं आणि तिथेच राहिलं.

"हे कोणी सांगितलं तुला?" त्यांनी मला विचारलं.

"सांगायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे बोट नाही लावलंस."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढून शेठसमोर ठेवली. ती वही आत्यानेही पाहिली नव्हती. त्यात त्यांच्या चुका होत्या, एकेका ओळीत. चिमटा भलत्या नळीवर, बोटाला सापडला. जोड सैल, बोटाला सापडला. पानामागून पान तेच: बोटाला सापडला, बोटाला सापडली. फक्त पहिल्या पानावरची पहिली ओळ निराळी होती. ती त्यांनी शेठना आपल्या मराठी वळणाच्या गुजरातीत वाचून दाखवली. पंपावर बसून महिना झाला होता. प्राणवायूची नळी जोडली होती, पण चावी उघडायची राहिली. सर्जनने रक्त काळं दिसतंय म्हणून ओरडून सांगितलं, तेव्हा उघडली. पेशंट चालत घरी गेला.

"बाकीच्या मी पकडल्या," आतोबा म्हणाले. "ही नशिबाने पकडली. त्यानंतर मी बोट लावायला लागलो. मला आधी कोणी शिकवलं असतं तर ही ओळ इथे नसती. तुमचा नियम बरोबर आहे, शेठ. फक्त बावीस वर्षं उशिरा आला."

शेठनी वही मिटून आतोबांना परत दिली. मग त्यांनी सहीचा कागद हळूच दुसऱ्या फायलीखाली सरकवला. त्या माणसाचाही मला राग येऊ शकला नाही, इतक्या अदबीने त्याने तो सरकवला.

बाहेर आल्यावर मी आतोबांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची खुर्ची घालवली, चळवळीचा घात केला, आणि व्यवस्थेला हवं तेच केलं, असं सगळं. ते स्कूटरच्या कॉकला बोट लावत ऐकत होते.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं ना. फार वाईट वाटतं. पण त्याचा पेशंटच्या रक्ताशी काय संबंध? बस मागे."

मी बसले नाही. चालत घरी गेले आणि महिनाभर त्यांच्याकडे फिरकले नाही. संच्याचे दिवस होते, तरी.

ताई पंपावर बसली. आतोबांना ऑक्सिजनच्या सिलिंडरांची खोली दिली, तळमजल्यावर, खिडकी नसलेली. बावीस वर्षांनंतर हे, यावर पत्रक निघायला हवं होतं. ते मी आजवर लिहू शकलेले नाही. कारण ताईने एकदा सहज सांगितलं, की रोज सकाळी ऑपरेशनच्या आधी ती एकेका नळीला बोट लावून मोठ्याने म्हणत असते, तेवढ्यात इंटरकॉम वाजतो. पलीकडून एकच शब्द येतो: "ऑक्सिजन?" ती उठते, चावीपाशी जाते, आणि सांगते, "उघडी. बोट लावलंय." फोन बंद होतो. तळमजल्याचा शिपाई तिला म्हणाला, की तो फोन ठेवेपर्यंत काका चहाला तोंड लावत नाहीत.

आता आतोबा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. इंटरकॉम वाजत नाही. ताई म्हणते, त्या वेळेला ती अजूनही क्षणभर थांबते आणि मग कुणीच न विचारता उत्तर देते.

परवा मी पाण्याच्या प्रश्नावर एक पत्रक छापायला दिलं. प्रेसवाला घाईत होता आणि मी प्रूफाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होते. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. ओळ फार छान होती, घोषणा म्हणून तर जबरदस्त. मी ती खोडली.

"केम, खोटुं छे?" प्रेसवाल्याने विचारलं.

"खबर नथी," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. बोटाला काही लागलं नव्हतं, एवढंच.