पाठवणीचा शॉट

ऐका, ही फजिती मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितली तर मी खपवून घेणार नाही!

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. कच्ची फिल्म सरकारी परमिटवर, तीही मोजकीच. अशात मी, शाळेची पायरी न चढलेली नागपूरची नटी, स्वतः रचलेल्या सिनेमाची डायरेक्टर झाले. नायिकाही मीच. दुसरी कोण माझं ऐकणार होती?

खरं सांगू? सगळा खटाटोप एका शॉटसाठी होता. नवरीच्या पाठवणीच्या. सिनेमात गेले म्हणून मायनं घराचं दार लावून घेतलं. लग्न झालं नाही, ओटी भरून कोणी निरोप दिला नाही. निदान पडद्यावर तरी तिनं मला सासरी जाताना बघावं!

शूटिंग कन्हान नदीच्या काठी. कॅमेरामन मुकुंदरावांना मी आधीच दम भरला, "मी कट म्हटल्याशिवाय कॅमेरा थांबवायचा नाही. अन् मधे तोंड उघडायचं नाही!"

गर्दीसाठी गावातल्या बायका बोलावल्या. त्यांतल्या भागाबाईनं विचारलं, "नवरीचे मायबाप कुठं हायेत वं?"

"कोणी नाही तिला."

मी कथेतलं सांगत होते हो! तिला वाटलं, लग्न खरंच आहे, फोटोवाला हौसेनं आणलाय. झालं! गावभर बोभाटा. बायका आपापल्या घरून तांदूळ, नारळ, खण घेऊन धावत आल्या.

कॅमेरा सुरू झाला. भागाबाईनं माझी ओटी भरली. "रडून काहून राहिली वं पोरी? मलेच माय समज. दिवाळीले माझ्या घरी ये."

दिवाळीले ये! आता तुम्हीच सांगा, कोण तग धरेल? मी तिच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की कथा, कॅमेरा, कट, सगळं विसरले. एकीची ओटी झाली की दुसरी पुढे!

शेवटी मुकुंदराव ओरडले, "बाई, फिल्म संपली!"

"मग थांबवलं काहून नाही?"

"तुम्ही कट कुठं म्हटलं?"

तरी मी खूश. असं काम कोणत्या नटीनं केलंय? फिल्म धुऊन आली, आणि पडद्यावर काय? मला घेरून उभ्या बायकांच्या पाठी! नुसत्या पाठी!

"मला दिसत होतं," मुकुंदराव म्हणाले, "पण तोंड उघडायचं नव्हतं ना."

पुन्हा शॉट घ्यायला फिल्म कुठली? लावल्या पाठीच.

सीताबर्डीच्या थेटरात शेजारणीनं मायला ओढून आणलं. माय बायकांच्या बाजूला माझ्याजवळ बसली. पाठवणी आली, गेली. दिवे लागले.

"तू रडली होती का वं तिथं?"

"रडली ना माय. खूप रडली."

"मग दिसलं काहून नाही? त्याच्यासाठीच तर डोळे ताणून बसली होती मी! कोण होता वं तो डायरेक्टर? काही अक्कल होती का त्याले?"

उभ्या जन्मात कोणापुढे मान न झुकवलेली मी, पायाखालच्या फरशीकडे बघत म्हटलं, "होता एक येडा, माय."