गिरधरबापूंचं पान

गिरधर पाटलांना चांगला खेळ बघायला मिळत नव्हता, एवढंच काय ते त्यांचं दुखणं. बाकी सगळं बरं होतं. तापीकाठी केळीचा मळा होता, कापूस पिकत होता, शांतीबाईंसारखी बायको घर सांभाळून होती. पण या माणसाला खेळाचं वेड, आणि गावात येणारा दर नवा खेळ आधीच्यापेक्षा भिकार! तमाशा असो, नाटक असो, नाहीतर पंचवार्षिक योजनेच्या प्रचाराला निघालेली मंडळी असोत, बापू पुढे घोंगडी टाकून बसायचे. मोठ्या आशेनं बसायचे. आणि घटकाभरात त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

“अरे, हाऊ राजा शे का राजाना गडी?” ते भर खेळात ओरडायचे. “सिंहासनवर उकिडा काय बसना!”

एकदा प्रचारवाल्यांनी शेतकरी दाखवला, तर त्याच्या धोतराला घडीच्या रेघा. “वावरमा जाई ऱ्हायना का लगीनमा?” बापूंनी विचारलं, आणि त्या बिचाऱ्याला पुढचं भाषण आठवेना. पंचायतीत रेडिओ आला तेव्हा बापू पहिल्या दिवशी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ऐकायला गेले. रेडिओत दोन शेतकरी बोलत होते. एकानं खताचं विचारलं, दुसऱ्यानं शाळेतल्या पोरासारखं घडाघडा उत्तर दिलं. दोन शेतकरी भेटले आणि एकानंही पावसाला शिवी दिली नाही, म्हणजे हे दोघं कुठल्या जगात राहतात, असं म्हणत बापू जे उठले ते पुन्हा रेडिओकडे फिरकले नाहीत.

आता अशा माणसाला लोकांनी हाकलून द्यायला हवं होतं. पण झालं उलटंच. खेळ सुरू व्हायच्या आधी फडाचा म्होरक्या बापूंसमोर विड्याचं पान ठेवायला लागला. खेळ आवडला तर बापू पान खाणार. नाही आवडला तर पान उचलून रंगमंचाच्या फळीवर परत ठेवणार, धोतर झटकणार आणि “चाला घर” म्हणणार. मग अर्धं गाव त्यांच्यामागे उठायचं. पान परत आलं की तो खेळ खांडबाऱ्यापासून अक्कलकुव्यापर्यंत कोणी मुकाट्यानं बघत नसे. बापूंनी पान खाल्लेलं लोकांना एकदाच आठवत होतं. एका म्हाताऱ्या सोंगाड्यानं तहानलेल्या माणसाचं सोंग घेऊन नुसतं पाणी मागितलं होतं, आणि बायाबापड्यांच्या डोळ्याला धारा लागल्या होत्या.

या जिभेपायी घरच्यांच्या जिवाला घोर होता. मुलीला, रंजनाला, आलेलं पहिलं स्थळ बापूंनी मुलाच्या बापाचं भजन ऐकून तिथल्या तिथे घालवलं होतं. दुसरं स्थळ धानोऱ्याकडच्या रूपचंद पाटलांचं. त्यांचा मुलगा मगन मॅट्रिक झालेला, दिसायला देखणा, केळीच्या कामाला वाघ. बाजारात रंजनानं त्याला बघितलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता. सगळं जुळत आलं, आणि रूपचंद पाटलांचा निरोप आला, की मगननं नवं नाटक लिहिलंय, तोच त्यात काम करणार आहे, तेव्हा सगळ्यांनी बघायला या, नाटक झालं की सुपारी फोडू.

शांतीबाईंनी कपाळावर हात मारला.

“ओ, रंजूना बापू,” गाडीत बसताना त्या म्हणाल्या, “आजना दिन तोंड बंद ठेवा. पोरीना जलमना सवाल शे.”

मग रंजनानं बापूंचा हात धरला. “बापू, मन्हासाठे.” पोरीनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. बापूंनी मान हलवली.

नाटकाचं नाव ‘पंप आला मळ्यात’. तालुक्याचे साहेब येणार होते आणि त्यांना उजेड असतानाच परत जायचं होतं, म्हणून नाटक भर दुपारी ठेवलं. मगननं स्वतः येऊन बापूंसमोर पान ठेवलं, पाया पडला, आणि पडदा उघडला.

पहिलाच प्रवेश काळोख्या रात्रीचा. ऊन मी म्हणत होतं आणि मगन हातात पेटता कंदील घेऊन चाचपडत चालला होता! विहिरीत पडता पडता वाचला, तेही पाच-सहा वेळा. बापूंच्या मानेची शीर फुगली. मग खोक्याला काळा कागद चिकटवलेला पंप आला आणि आतून कोणीतरी तोंडानं भकभक करायला लागलं. तो पंप बघून सावकार ढसाढसा रडला आणि त्यानं सगळ्यांचं कर्ज माफ केलं. पंप बघून! सावकार! बापूंनी दोन्ही मुठी आवळल्या. शेवटी मगनची मरायला टेकलेली आई खाटेवरून उठली आणि त्या पंपाला सरकार किती सूट देतं ते सांगायला लागली.

“अरे—” बापूंच्या तोंडून निघालं.

बायकांच्या बाजूनं रंजनानं बघितलं. तोंड तर उघडलं होतं, ते मिटायचं कसं? बापूंनी समोरचं पान उचललं आणि अख्खंच्या अख्खं तोंडात कोंबलं.

मग मागून कोणीतरी ओरडलं, “बापूनी पान खादं रे!” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की साहेबही उभे राहिले. मगनचे डोळे भरून आले. रूपचंद पाटलांनी धावत येऊन बापूंना मिठी मारली. “गिरधरभाई, आते काय इचारानं?” तिथेच सुपारी फुटली. बापूंनी नुसती मान डोलवली, कारण पान अजून तोंडातच होतं.

लग्न झालं. रंजना सुखात होती, याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मगननं दिवाळीला दुसरं नाटक लिहिलं, होळीला तिसरं. गावोगाव दवंडी पिटायची, ‘गिरधर पाटलांनी पान खाल्लेल्या लेखकाचं नाटक’. लोक जायचे, जांभया देत परत यायचे आणि बाजारात बापूंना गाठायचे. “बापू, तुम्हीबी?” एवढंच म्हणायचे. त्या दोन शब्दांनी बापूंना जेवण गोड लागेना. पुढे यात्रेत आलेल्या तमाशावाल्यानं बापूंसमोर पान ठेवलंच नाही. खेळ भिकार होता. बापू ओरडलेसुद्धा, पण कोणी वळून बघितलं नाही.

आणि मगनला तर काही बोलायची सोयच उरली नव्हती. जावई! त्याला बोलणार कोण? ताटात तुपाची धार धरायची, तो नवा प्रवेश वाचून दाखवायचा तेव्हा ‘हं, हं’ करायचं, आणि तो गेला की गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रंजना माहेरी आली ती तोंड उतरवूनच. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, पण ही बापाजवळ ओट्यावर येऊन बसली.

“तुमना जावई बैलजोडी ईकी ऱ्हायनात,” ती म्हणाली. “मळा दुसराले वाट्यानी देतस आन् नाटकनी कंपनी काढतस. मी नको म्हनं. तर म्हनतस, तुन्हा बापनी पान खादं, आखो काय पाहिजे?”

बापू तिच्याकडे वळले. “पोरी, ते पान मी—”

“माले ठाऊक शे. मीच तुमले सांगेल व्हतं.”

“मंग आते बोलू त्याले?”

सासऱ्यानं जावयाला चारचौघांत बोलायचं नसतं, हे रंजनालाही माहीत होतं. बापूंना स्वतःचा इतका राग आला की ते ओट्यावरून उठून आत गेले.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मगन रंजनाला न्यायला आला तो सगळी मंडळी घेऊनच. सासुरवाडीत नाटक करून कंपनीचा नारळ फोडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तेही दुपारी, कारण पहिलं यश दुपारीच मिळालं होतं ना! रूपचंद पाटील नवा फेटा बांधून पुढे बसले. मगननं बापूंसमोर पान ठेवलं. पडदा उघडला, आणि बघतात तो काय, पुन्हा काळोखी रात्र! वैशाखाचं ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि मगन कंदील घेऊन चाचपडत होता. मधेच तो थांबला. बापूंना पान खायला सवड मिळावी म्हणून थांबला. बापूंचा हात पानाकडे गेला, मागे आला. पुन्हा गेला. सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं.

तेवढ्यात बायकांतून रंजना उठली. डोक्यावरचा पदर नीट करून सरळ पुढे आली, बापासमोरचं पान तिनं उचललं आणि फळीवर, मगनच्या पायाशी ठेवलं.

“हाई ल्या,” ती म्हणाली. मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. “त्या येळले बापूनी पान खादं, कारन मी त्यास्नं तोंड बंद करेल व्हतं. तुमनं नाटक त्यासले आवडनं नव्हतं.”

शांतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. रूपचंद पाटील ताडकन उठले, पण मगननं हातानं त्यांना थांबवलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. “बापू,” त्यानं विचारलं, “खरं शे?”

बापूंनी मगनकडे बघितलं नाही. “रंजू, आते बोलू?”

“बोला, बापू.”

बापू उठले, धोतर झटकलं. गाव उठायच्या बेतात होतं. पण बापू “चाला घर” म्हणाले नाहीत. दोन पावलं पुढे होऊन फळीजवळ उभे राहिले.

“मगन,” ते म्हणाले, “पहिले तो कंदील इझाड. दिन शे.”

मगननं कंदिलाकडे बघितलं, मग वर आभाळाकडे. त्यानं काच वर केली, फुंकर मारली आणि फळीवर मांडी घालून बसला.

“आखो?” त्यानं विचारलं.

“आखो, बैल घर ऱ्हाऊ दे,” बापू म्हणाले, आणि बायकांकडे वळून त्यांनी हाक दिली, “ओ, रंजूनी माय, तांब्याभर पानी आन. माले बराच येळ बोलनं शे.”