गोपीबाईच्या कानातल्यातला हिरवा खडा

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकतो त्या फक्त त्यातल्या चुका काढायला. कारखान्याच्या गणेशोत्सवातल्या नाटकात दर वर्षी भूत मीच असतो, तेव्हा पांढऱ्या चादरीचा महिमा मला शिकवू नका! पण त्या रविवारचं... हसू नका, आधी ऐका.

फाळणीला चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. मला नाद एकच — विलायती खोटे दागिने. नुसती काच आणि पितळ, पण पॅरिसच्या नामांकित कारागिरांनी घडवलेली, पाठीवर त्यांचा शिक्का असलेली. मायदेशी परतणाऱ्या मडमांच्या सामानाच्या लिलावात, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या जुन्या बाजारात मी ती वेचायचो. आमची कमल म्हणायची, "लोक बायकोला खरे दागिने करतात. आमचे हे खोटे आणतात, आणि तेही कुलपात!" पेटीची किल्ली माझ्या जानव्याला.

चार नंबर कॅम्पात पापड विकणाऱ्या गोपीबाईच्या ओढणीवर असंच एक कानातलं टाचलेलं असे. मध्ये हिरवा खडा. जोडीतलं दुसरं तिच्या धाकट्या बहिणीकडे. कराचीच्या बंदरावर दोघींना वेगवेगळ्या बोटींत चढावं लागलं, तेव्हा एकेक वाटून घेतलेलं. बहीण कुठे उतरली, कळलंच नाही. "बाजार में सारी दुनिया आती है, अदा," गोपीबाई म्हणायची. अदा म्हणजे सिंधीत भाऊ. "कोई तो पहचानेगा."

एकदा त्या कानातल्याची पकड ढिली झाली, म्हणून मी ते दुरुस्तीला घरी आणलं. उलटून पाहतो तर — माझ्या सर्वांत लाडक्या हारावरचाच शिक्का! त्या हाराचा मधला खडा गळाला होता, आणि गोपीबाईचा तिथे चपखल बसत होता. मोह आवरला नाही, मंडळी. तिचा खडा हारात बसवला, तिच्या कानातल्यात दुसरा हिरवा काचेचा तुकडा घासून बसवला आणि ते तिला परत देऊन आलो. खोट्याच्या जागी खोटा... यात पाप कसलं?

पुढच्या रविवारी दुपारी गेलो तर गोपीबाई कावरीबावरी.

"अदा, सकाळी एक बाई आली. दूरची. कानातलं हातात घेऊन बघितलं. बोलली, असंच आमच्या शेजारणीकडे आहे. पण ती सांगते, जोडीतल्या दोन्ही खड्यांत तिळाएवढा काळा डाग आहे. ह्यात नाही. बस, चली गई."

"अहो, पत्ता नाही विचारलात?"

"क्यों पूछती? खुद बोली, ये वो नहीं." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "दाग था ना, अदा? तूने देखा होगा. का माझंच डोकं फिरलं?"

डाग होता. भिंगातून मी तो नीट पाहिला होता. आणि दोन-दोन पानांची स्वगतं एका दमात म्हणणारा मी... नुसतं "आलोच," म्हटलं आणि सायकल हाणली ती थेट घर.

पेटी उघडली. हाराच्या मधोमध मी घासलेला काचेचा तुकडा बसला होता! माझ्या कानशीचा ओरखडासुद्धा जागच्या जागी. भोवतालचा डिंक कडक वाळलेला, कुठे तडा नाही.

"कमल, तू पेटीला हात लावलास?"

"तुमच्या काचेला कोण हात लावतंय!" ती म्हणाली.

तसाच परत कॅम्पात. गोपीबाईच्या ओढणीवरचं कानातलं उन्हात धरलं, तर तिळाएवढा काळा डाग! ती बाई गेल्यापासून गोपीबाईने ते काढलं नव्हतं. शेजारच्या भजीवाल्यानेही तेच सांगितलं.

मग सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आम्ही दोघं त्या बाईला शोधत कल्याणच्या धर्मशाळेपर्यंत गेलो. ना नाव, ना गाव... कोण सांगणार?

बंद पेटीतला खडा तिकडे कसा गेला, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पण मला खरा छळतो तो दुसराच प्रश्न. जायचंच होतं, तर सकाळीच का नाही गेला? एकदा धीर करून गोपीबाईला हेच विचारलं. तिने उरलेले पापड फडक्यात बांधले.

"खडा लौट आया, अदा," ती म्हणाली. "वो बाई नहीं लौटी."