नंदाखालच्या वाडीतली बंद गाडी

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरलो, पण नंदाखालच्या वाडीतली ती बंद गाडी काही केल्या मनातून जात नाही. त्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. तरी पोलिसातल्या एवढ्या वर्षांत मी थक्क होऊन उभा राहिलो तो तिथेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, श्रावण चालू होता. आमचा एक खबऱ्या तुळिंजच्या बाजारात केळी विकायचा आणि माल उचलायला रोज नंदाखालकडे फेरी मारायचा. एक दिवस तो ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एका वाडीत मोठी गाडी झाकून ठेवलीय. खिडक्या आतून बंद. म्हातारा भर दुपारी पिशवी घेऊन आत जातो. पिशवीत पांढरे खडे असतात. बाहेर येतो तेव्हा त्याच पिशवीत पावडर असते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

आत खडे, बाहेर पावडर! त्या काळात नशेच्या मालाच्या चोरट्या कारखान्यांबद्दल वरून सारखी विचारणा व्हायची. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि साध्या वेशात हवालदारांना घेऊन निघालो.

नारळी-केळीच्या मधोमध पत्र्याची शेड होती. तिच्यात टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली, खोलीएवढी गाडी. कॅरॅव्हॅन म्हणतात तिला, चाकांवरचं घर. वाडीचा मालक साठी ओलांडलेला, उघडाबंब, कमरेला पंचा. सगळे त्याला अण्णा म्हणत.

"गाडी कुणाची?"

"मित्राची. बोळिंजला राहतात. कारखान्यात फिटर होते, रिटायर झाल्यावर स्वतःच्या हातांनी बांधली. वहिनींना मुंबईला इस्पितळात ठेवलंय, ते तिकडेच असतात. म्हणून गाडी माझ्याकडे."

"उघडा."

अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. "आज नाही उघडता यायची, साहेब. ऊन पडलं की या."

पोलिसांना ऊन पडल्यावर या! माझं टाळकंच सरकलं. एका नारळाच्या बुंध्याशी पांढऱ्या पावडरीचा ढीग दिसला. त्यातली मूठभर पावडर कागदाच्या पुडीत बांधून घेतली आणि अण्णांना जीपमध्ये बसवलं. बोळिंजला शिपाई पाठवला, तर मित्राच्या फ्लॅटला कुलूप आणि शेजाऱ्यांना काही ठाऊक नाही. इस्पितळाची सबब आम्ही रोज ऐकायचो, त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला.

चौकशीत माणूस काय बोलतो त्यापेक्षा कशाची काळजी करतो ते बघावं, हे मी नव्या शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी माझं मलाच आठवलं नाही. अण्णा बाकावर बसून सारखे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, पळायची वाट शोधतोय.

"किल्ली द्या."

"देतो की. पण उन्हात. आज हवा ओली आहे. एकदा ती आत शिरली की गादीत जाऊन बसते. चार दिवसांत सगळीकडे बुरशी."

"आणि ही पावडर?"

"चुना आहे, साहेब. चुनकळीचे खडे आत ठेवतो. हवेतलं पाणी पिऊन त्यांची पूड होते. मग पूड काढायची, नवे खडे ठेवायचे. आम्ही बियाणं असंच राखतो पावसाळ्यात."

आमचे हवालदार पक्के तंबाखूवाले. त्यांनी पुडी सोडली, चिमूटभर तळहातावर घेतली, तंबाखूबरोबर अंगठ्याने चोळली, ओठाखाली धरली आणि म्हणाले, "साहेब, तंबाखू चढली बघा. चुनाच आहे हा."

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण मी इरेला पेटलो होतो. चुन्यासाठी एवढी लपवाछपवी कोण करतं? चुन्याखाली नक्की काहीतरी असणार! मी सरळ सांगितलं, "अख्खी गाडी जप्त करून इथे आवारात आणतो. मग उघडू सावकाश."

अण्णांनी आवाराकडे पाहिलं. तिथे जप्तीच्या रिक्षा, टेम्पो पावसात उभे होते. काचा फुटलेल्या, सीटवर हिरवी बुरशी, एका टेम्पोत तर गवत उगवलेलं. म्हातारा ढसाढसा रडायला लागला.

"मला आत टाका, साहेब, पण गाडी इथे नका आणू. वहिनी नवऱ्याला रोज विचारतात, गाडीला बुरशी लागली नाही ना? ते सांगतात, ठेवली तशीच आहे. बरं वाटलं की दोघं नर्मदेच्या काठाने जाणार आहेत. त्याच आशेवर बाई औषधं घेतात हो! गाडी गेली तर त्यांना काय सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजता लख्ख ऊन पडलं. दोन पंचांना घेऊन आम्ही वाडीत गेलो. अण्णांनी पाय पुसले, आम्हालाही पुसायला लावले आणि दार उघडलं.

काय सांगू! बाहेर पानापानांतून पाणी ठिबकत होतं, आणि आत पाऊल टाकलं तर हवा कोरडी खडखडीत. गाद्या भिंतीपासून हातभर लांब, आडव्या कडेवर उभ्या केलेल्या. कपाटांची दारं लाकडाचे तुकडे अडकवून किलकिली ठेवलेली, म्हणजे हवा खेळती राहावी. खणांत कडुनिंबाचा पाला. पाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी, उंदीर शिरू नये म्हणून. चारी कोपऱ्यांत मातीची मडकी, वर पातळ फडकं, आत अर्धी भरलेली चुनकळी. फुगून सांडू नये म्हणून अर्धीच.

खिडक्या काचेच्या नव्हत्या, अॅक्रिलिकच्या होत्या. त्यांना ओरखडा लगेच पडतो. अण्णांनी त्यांच्यावर आतून जुनी, मऊ झालेली धोतरं लावली होती. खिडकीच्या कडेचं रबर चिकटून फाटू नये म्हणून त्याला शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड चोळलेली. बाहेरची ताडपत्रीही बांबूंवर टांगलेली, खिडकीला कुठे घासू नये म्हणून. एक धोतर बाजूला केलं तर खिडकी इतकी नितळ, की हवालदारांनी हात लावून बघितला.

फळीवर काडेपेटी होती. श्रावणात आमच्या ठाण्यात चार काड्या ओढल्याशिवाय एक पेटत नसे. मी पहिलीच काडी ओढली, भप्पकन पेटली! कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, आणि हा माणूस दुसऱ्याच्या गाडीतली हवा राखत बसला होता.

आम्ही तळापर्यंत झडती घेतली. पंचनाम्यात 'काही आक्षेपार्ह मिळून आले नाही' एवढंच लिहिलं. बाकीचं लिहायला त्यात रकाना नव्हता. बंद खिडकीमागे गुन्हाच असतो, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की समोरचा माणूस खरं सांगत असताना मी ते ऐकलं नाही. पुढे नोकरीत कुठलंही दार उघडायला लावण्याआधी मी विचारत असे, का उघडत नाही? आणि उत्तर पुरतं ऐकून घेत असे.

दसऱ्यानंतर अण्णांचा निरोप आला, वहिनी आल्यात. मी गेलो. हडकलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाई नवऱ्याच्या खांद्याला धरून पायरी चढल्या. गादी हुंगली, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, कपाटं एकेक उघडून पाहिली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता निघायला काय हरकत आहे?" अण्णा ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागले.

जाताना त्या माझ्याकडे वळल्या. "अण्णाभावोजींनी सांगितलं सगळं. साहेब, तुम्ही ऊन पडेपर्यंत थांबलात. पोलीस असूनही थांबलात. तुमचे उपकार झाले हो." मी मान डोलावली.

खरं आज लिहून टाकतो. मी थांबलो नव्हतो. जप्तीचा कागद सही होऊन टेबलावर पडला होता. गाडी ओढायला मागवलेली क्रेन दुसऱ्या कामात अडकली, म्हणून ती दुपार आम्हाला मिळाली. बाई नर्मदा बघून आल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.